ब्रेकवरचा पाय आणि टाकीतले पेट्रोल

मोटार चालवायला पेट्रोल लागते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण मोटार थांबवायला किती पेट्रोल लागते, असे कोणी विचारले तर आपण हसू. थांबवायला पेट्रोल कशाला? ब्रेक दाबला की काम झाले! तरीही हा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. उलट, त्याचे उत्तर ज्याला नीट समजले, त्याला कमी पेट्रोलमध्ये गाडी कशी चालवावी याचे निम्मे रहस्य उलगडले असे म्हणायला हरकत नाही.

एकाच बनावटीच्या दोन गाड्या घ्या. दोन्हींत सारखेच पेट्रोल भरा आणि एकाच रस्त्यावर दोन निरनिराळ्या चालकांच्या हाती द्या. एक गाडी दुसरीपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबेल. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात वुड रिव्हर येथे शेल तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांनी १९३९ साली अशीच एक पैज लावली होती. सारख्या इंधनात कोणाची गाडी जास्त अंतर जाते, ही ती पैज. जिंकणाऱ्याने लिटरमागे सुमारे २१ किलोमीटर अंतर काटले. त्या काळच्या अवजड गाड्यांचा विचार करता ही मजल मोठीच होती.

हा नुसता पैजेचा विषय नाही. आपल्या देशाला जेवढे खनिज तेल लागते, त्याच्या १०० भागांपैकी ८५ हून अधिक भाग परदेशांतून आणावे लागतात. १९७३ साली अरब देशांनी तेलाची कोंडी केली, तेव्हा अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही १९७४ च्या आरंभी महामार्गांवरील वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरवर आणावी लागली. आपल्याकडे इंधनाची बचत लोकांना शिकवण्यासाठी १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली. वेग आणि इंधन यांचा काहीतरी घट्ट संबंध आहे, हे यावरून दिसते. तो संबंध कोणता, हे आपण हिशेब मांडूनच पाहू या.

रुपयातले चार आणे

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले म्हणजे सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा मिळते. ही सगळी ऊर्जा गाडी पुढे ढकलण्याच्या कामी येती, तर किती बरे झाले असते! पण इंजिन हे उष्णतेवर चालणारे यंत्र आहे. ऊर्जेचा मोठा भाग धुराबरोबर बाहेर जातो, बराचसा रेडिएटरमधून हवेत जातो आणि काही इंजिनातल्या घर्षणात संपतो. इंजिन चांगले काम करीत असतानासुद्धा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे रुपयातले बारा आणे वाटेतच खर्च झाले, हाती उरले चार आणे.

तेव्हा आपल्या हिशेबासाठी एक लिटर पेट्रोलचे मोल ८० लाख ज्यूल धरू. एका लिटरमध्ये १,००० मिलिलिटर असतात, म्हणून एका मिलिलिटरचे मोल झाले ८,००० ज्यूल. हा आकडा लक्षात ठेवा. आपला छोटा चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो, तेही ध्यानात असू द्या.

हे चार आणे गाडी तीन ठिकाणी खर्च करते. पहिले ठिकाण टायर, दुसरे हवा आणि तिसरे ब्रेक. इंधन वाचवण्याच्या सगळ्या युक्त्या या तीन जागी खर्च कमी करण्याच्या किंवा वाटेत जाणारे बारा आणे थोडे आवरण्याच्या युक्त्या आहेत.

ब्रेक काय करतो?

समजा, माणसांसह एका मोटारीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम आहे आणि ती ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. सेकंदाच्या हिशेबात हा वेग १६.७ मीटर होतो. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला माहीत आहे: वस्तुमानाच्या निमपटीला वेगाच्या वर्गाने गुणायचे. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल. याला ८,००० ने भागा. सुमारे साडेसतरा मिलिलिटर! म्हणजे उभ्या गाडीला ताशी ६० किलोमीटर वेग देण्यासाठीच साडेतीन चमचे पेट्रोल खर्च झाले.

आता समोर लाल दिवा लागला आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली. ती १ लाख ३९ हजार ज्यूल ऊर्जा कोठे गेली? ऊर्जा नाहीशी होत नाही, तिचे फक्त रूपांतर होते. ब्रेकच्या घर्षणाने तिची उष्णता झाली आणि ती उष्णता हवेत निघून गेली. ती पुन्हा टाकीत भरता येत नाही. म्हणजे गाडी थांबवण्यासाठी पेट्रोल लागले नाही हे खरे, पण साडेतीन चमचे पेट्रोल खर्चून कमावलेला वेग आपण फुकून टाकला. असे ५७ वेळा केले की एक लिटर पेट्रोल केवळ ब्रेक तापवण्यात गेले.

वेगाचा वर्ग ही येथली कळीची गोष्ट आहे. ताशी ३० किलोमीटरला ऊर्जा निम्मी नसते, चौथाई असते. तिचे मोल जेमतेम ४.३ मिलिलिटर, म्हणजे पुरता एक चमचाही नाही. म्हणून कमी वेगातून थांबणे स्वस्त आणि जास्त वेगातून थांबणे महाग पडते.

दोन चालक, एक सिग्नल

आता हाच हिशेब रस्त्यावर नेऊ. दोन गाड्या शेजारच्या मार्गिकांतून ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहेत. अडीचशे मीटरांवरचा सिग्नल लाल झालेला दोघांच्या चालकांना दिसतो.

पहिला चालक म्हणतो, ‘सिग्नल अजून लांब आहे.’ तो अ‍ॅक्सिलरेटर तसाच दाबून ठेवतो आणि शेवटच्या चाळीस मीटरांत ब्रेक लावून थांबतो. दुसरा चालक सिग्नल दिसताच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. गाडी गिअरमध्येच आहे. टायर, हवा आणि इंजिन यांच्या विरोधाने वेग हळूहळू उतरतो. वीसएक सेकंदांनी तो सिग्नलपाशी येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढ्यात हिरवा दिवा लागतो आणि तो तसाच पुढे जातो.

पहिल्या चालकाने ज्या दोनशे मीटरांत गाडी जोरात नेली, त्या अंतरासाठी सुमारे सहा मिलिलिटर पेट्रोल खर्च झाले. शिवाय त्याला पुन्हा शून्यातून सुरुवात करायची आहे. दुसऱ्याजवळ चौथाई ऊर्जा शिल्लक आहे, त्याचे चार मिलिलिटर वाचले. म्हणजे एका सिग्नलवर दहा मिलिलिटर, दोन चमचे पेट्रोल वाचले. आणि सिग्नल ओलांडून पुढे कोण गेले? दुसराच! घाई करणारा मागे राहिला.

दिवसाला असे दहा सिग्नल धरा आणि वर्षाचे ३०० दिवस धरा. बचत होते ३० लिटरची. प्रत्येक वेळी हिरवा दिवा असा वेळेवर लागणार नाही, हे उघड आहे. पण नाही लागला तरी कमी वेगातून थांबल्यामुळे आणि मधल्या अंतरात पेट्रोल न जाळल्यामुळे फायदा होतोच. यासाठी गाडीत काही नवे बसवावे लागत नाही. चालकाची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यापाशी न थांबता दोनतीनशे मीटर पुढे गेली पाहिजे आणि पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर राखले पाहिजे, एवढेच. हेच अंतर अपघातही टाळते.

हवेची भिंत

मोकळ्या रस्त्यावर सिग्नल नसतात, ब्रेकही फारसा लावावा लागत नाही. तेथे पेट्रोल कोण खाते? हवा! धावत्या गाडीच्या खिडकीतून येणारा वारा तुम्ही अनुभवला असेल. तेवढ्याच जोराने ती हवा गाडीच्या तोंडावर आदळत असते. हा विरोधसुद्धा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आपल्या १,००० किलोग्रॅमच्या गाडीला टायरांचा विरोध साधारण १२० न्यूटन असतो आणि तो वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र ताशी ६० किलोमीटरला ११० न्यूटन, ८० ला १९५ न्यूटन आणि १०० ला ३०५ न्यूटन होतो. गाडीच्या आकारानुसार आकडे थोडे बदलतील, पण वाढीची चाल हीच राहील. दोन्ही विरोधांची बेरीज केली तर ८० वरून १०० वर जाताना गाडीला प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे ३५ टक्के जास्त काम करावे लागते. आणि मिळते काय? ४० किलोमीटरांच्या प्रवासात सहा मिनिटांची बचत.

मग अगदी बैलगाडीच्या चालीने जावे का? तसेही नाही. इंजिन नुसते फिरत ठेवायलाच काही पेट्रोल लागते. गाडी फार हळू गेली तर तेच अंतर काटायला वेळ जास्त लागतो आणि हा खर्च वाढत जातो. शिवाय कमी वेगात वरचा गिअर टाकता येत नाही. या दोन्ही ओढींचा मेळ बहुतेक लहान गाड्यांत ताशी ५० ते ७० किलोमीटरच्या आसपास, सर्वांत वरच्या गिअरमध्ये बसतो.

छतावर सामानाचा सांगाडा बसवून ठेवणे म्हणजे हवेला आणखी एक भिंत देणे होय. काम झाले की तो काढून ठेवावा. वेगात खिडक्या उघड्या ठेवल्या तरी हवेचा विरोध वाढतो. मोठ्या ट्रकच्या मागे चिकटून गेल्यास हवेचा विरोध कमी होतो हे खरे, पण ट्रकने एकाएकी ब्रेक लावला तर थांबायला जागाच उरत नाही. ही बचत करू नये.

वरचा गिअर का?

ही युक्ती वाटेत जाणाऱ्या बारा आण्यांपैकी थोडे परत मिळवण्याची आहे. एक प्रयोग करा. सरबत प्यायची नळी तोंडात धरून तिच्यातून श्वास ओढा. मग नळीचे टोक बोटाने अर्धवट दाबा आणि पुन्हा ओढा. छातीला केवढे श्रम पडतात! पेट्रोल इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर एक झडप असते. अ‍ॅक्सिलरेटर थोडासाच दाबला म्हणजे ही झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला हवा ओढण्यासाठी असेच श्रम पडतात.

खालच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला पुष्कळ फेरे घेते, पण प्रत्येक फेऱ्यात थोडेच काम करते. झडप मिटलेली, श्रम जास्त आणि फेरे जास्त म्हणून घर्षणही जास्त. वरच्या गिअरमध्ये तेच काम कमी फेऱ्यांत होते, झडप अधिक उघडी राहते आणि घर्षण घटते. म्हणून गाडीने वेग घेतला की लवकर वरचा गिअर टाकावा. बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांच्या सुमारास गिअर बदलणे सोयीचे पडते. मात्र इंजिन धडधडू लागले, गाडी हिसके देऊ लागली, तर गिअर फार वरचा झाला असे समजावे. चढावर खालचा गिअर टाकण्यात कमीपणा नाही.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे म्हणजे तर सोळाही आणे वाया. लहान गाडीचे इंजिन नुसते फिरत राहिले तरी मिनिटाला सुमारे १० मिलिलिटर पेट्रोल पिते. दिल्लीत २०२० साली ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम याच कारणासाठी निघाली. सिग्नल अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त असेल तर इंजिन बंद करणे फायद्याचे ठरते.

उतारावरची जुनी समजूत

आता एका अशा युक्तीकडे वळू, जी अनेक जण आजही सांगतात, पण जी पाळू नये. ती युक्ती म्हणजे उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि जमल्यास इंजिनही बंद करायचे.

या समजुतीला पूर्वी थोडा आधार होता. अँबेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांत कार्बुरेटर असे. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली की चाके इंजिनाला फिरवत आणि ते फिरणारे इंजिन कार्बुरेटरमधून पेट्रोल ओढतच राही. २००० सालच्या सुमारास आपल्याकडे मोटारींमधून कार्बुरेटर जाऊन इंधन फवारणारी, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची यंत्रणा आली. आता अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्ये वेगात असली, तर ही यंत्रणा पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करते. इंजिनाला चाकेच फिरवतात. न्यूट्रलमध्ये टाकले तर चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून यंत्रणेला पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे उतरत्या घाटात गिअरमधली गाडी शून्य पेट्रोल खाते आणि न्यूट्रलमधली थोडे तरी खाते. जुनी युक्ती नव्या गाडीत उलटी पडली!

पण पेट्रोलपेक्षा मोठी गोष्ट पुढेच आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. आपल्या १,००० किलोग्रॅमच्या गाडीची स्थितिज ऊर्जा तेवढ्याने किती घटते? १,००० × ९.८ × ५०० म्हणजे ४९ लाख ज्यूल. ताशी ६० किलोमीटर वेगातून गाडी ३५ वेळा थांबवण्याइतकी ही ऊर्जा आहे. एवढ्या उष्णतेने बादलीभर, म्हणजे साडेसोळा लिटर, थंड पाणी उकळीला येईल. यातला काही भाग टायर आणि हवा घेतात. गाडी खालच्या गिअरमध्ये असली तर मोठा भाग इंजिन घेते. न्यूट्रलमध्ये मात्र उरलेला सगळा भार चार ब्रेकांवर पडतो. ब्रेक तापत जातात, त्यांची पकड सैल होते आणि भरलेला ट्रक किंवा बस असेल तर ही ऊर्जा दहा-पंधरा पटींनी वाढलेली असते. घाटात ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या कित्येकांमागे हेच साधे भौतिकशास्त्र असते.

इंजिन बंद केले तर धोका आणखी वाढतो. बहुतेक मोटारींत ब्रेक दाबायला इंजिनाच्या ओढीने तयार झालेल्या निर्वाताची मदत मिळते. इंजिन बंद असेल तर ब्रेक दोन-तीनदा दाबेपर्यंतच ही मदत पुरते. नंतर पायाला सारा जोर एकट्याने लावावा लागतो. स्टिअरिंगही जड होते आणि काही गाड्यांत किल्ली काढताच ते कुलूपबंद होते. म्हणून घाटाचा नियम सोपा आहे: इंजिन चालू, गाडी खालच्या गिअरमध्ये आणि ब्रेक गरजेपुरता. बचत आणि सुरक्षितपणा येथे एकाच बाजूला उभे आहेत.

तुम्ही काय करू शकता?

विद्यार्थी मित्रांनो, मोटार चालवण्याचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. पण हिशेब ठेवायला परवाना लागत नाही! घरात किंवा ओळखीत कोणाची गाडी असेल तर पुढील प्रयोग करा.

पहिला प्रयोग: पंपावर टाकी पूर्ण भरून घ्या आणि गाडीने किती किलोमीटर अंतर काटले आहे तो आकडा टिपा. पुन्हा टाकी पूर्ण भराल तेव्हा आकडा आणि लागलेले लिटर लिहा. अंतराला लिटरने भागा. अशा दोन टाक्या नेहमीच्या पद्धतीने आणि दोन टाक्या या लेखातल्या पद्धतीने चालवायला सांगा. फरक तुम्हीच पाहाल.

दुसरा प्रयोग: हा सायकलीवर करता येतो. मोकळ्या सपाट मैदानात ठरावीक खुणेपर्यंत ठरावीक वेगाने या, तेथे पायडल मारणे थांबवा आणि सायकल किती अंतर जाते ते मोजा. मग दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडून तोच प्रयोग करा. मऊ टायर जमिनीवर सतत चेपतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा जाते. मोटारीच्या टायरांतला दाब पंधरवड्याला का तपासावा, हे या एका प्रयोगाने कळेल.

तिसरे, एक कोडे: एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान पाऊण किलोग्रॅमच्या जवळपास असते. ते जळले म्हणजे सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलोहून अधिक वायू निघाला कसा? (सूचना: जळताना हवेतला कोणता वायू पेट्रोलमधल्या कार्बनशी संयोग पावतो?) कोडे सुटले की, दिवसाला दहा सिग्नलांवर पाय वेळेवर उचलणारा चालक वर्षाला किती किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ देत नाही, तेही काढा.

आणि पुढच्या वेळी बसमध्ये किंवा मोटारीत बसाल तेव्हा चालकाच्या पायाकडे लक्ष द्या. तो किती वेळा जोरात ब्रेक दाबतो, ते मोजा. प्रत्येक वेळी किती चमचे पेट्रोल हवेत उडाले, हे आता तुम्हाला सांगता येईल.